तपासलं

“चष्म्यावर धुकं आलं नाही,” काका म्हणाले. “पहिल्या दिवसापासून एवढंच सांगतोय मी. कुणी लिहून घेत नाही.”

आम्ही रक्तसाठ्याच्या मागच्या जिन्याखाली उभे होतो. निलंबित केल्यापासून काकांना आत जायला बंदी होती, तरी ते रोज साडेसातला येऊन इथे उभे राहत. एकतीस वर्षं त्यांनी राखीव रक्ताची कोल्ड रूम सांभाळली. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. आणि आता गुरुवारी चौकशी, तिच्यात बडतर्फी. सगळे ती धरूनच चालले होते.

“धुकं म्हणजे?” मी विचारलं.

“आत चार डिग्री. बाहेर आलं की काचा पांढऱ्याफेक. शर्टाच्या टोकानं पुसायच्या, मग पुढची पायरी दिसते. एकतीस वर्षं हेच. त्या सोमवारी बाहेर आलो नि सगळं लख्ख दिसलं. दार मी उघडं टाकलं असं म्हणतात ना? अहो, मी दार उघडलं तेव्हा आतून गार वारंच आलं नाही. खोली आधीच मेलेली होती, बाई.”

त्या खोलीचा भोंगा आमच्या कंपनीचा. लोखंडी भोंगा नव्हे, तो कधी वाजवायचा हे ठरवणारा प्रोग्रॅम. आत एक सेन्सर, बाहेर भिंतीवर जाड पुस्तकाएवढं खोकं, आणि त्या खोक्यात मी लिहिलेल्या ओळी. दर पाच मिनिटांनी तापमान घ्यायचं, सहा डिग्रीच्या वर असेल तर भोंगा वाजवायचा, आणि प्रत्येक वेळी कागदाच्या पट्टीवर वेळ टाकून एक शब्द छापायचा: तपासलं. आकडा छापत नव्हतो. पट्टी लवकर संपते म्हणून मालकांनीच तो काढायला लावला होता.

चौकशीचं सगळं प्रकरण त्या पट्टीवर उभं होतं. शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत पट्टी शिस्तीत बोलत होती: तपासलं, तपासलं, तपासलं. मधे सुट्टीचे दोन दिवस. रोजच्या लागणाऱ्या पिशव्या रुग्णालयातल्या फ्रिजमध्ये असतात, राखीव साठ्याकडे सुट्टीत कुणी फिरकत नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्यानेही भोंगा ऐकला नाही. भोंगा वाजला तो थेट सोमवारी आठ बाराला. तेव्हा खोलीत एकवीस डिग्री. फाटकावरच्या वहीत काका आल्याची वेळ साडेसात. झालं, निकाल लागला. म्हाताऱ्याने दार उघडं टाकलं, कुठेतरी चहा पीत बसला, खोली तापली, ताण येऊन थंड करणारं यंत्रही जळालं. अर्धा तास तापलेलं रक्त कुणाला चढवत नाहीत. तीनशे बारा पिशव्या गेल्या. तीनशे बारा माणसांनी बाही वर करून दिलेलं रक्त.

“काका, साडेसात ते आठ बारा तुम्ही काय केलंत?”

“किल्ल्या घेतल्या. पुढच्या फ्रिजची नोंद केली. मग मागे खोलीत गेलो, बाहेर आलो, धुकं नाही. पळत केबिनमध्ये गेलो, तापमान बघायला कॉम्प्युटर लावला. लावला आणि भोंगा बोंबलला.”

“लावला आणि लगेच?”

“आकडा दिसायच्याही आधी.”

“शुक्रवारी जाताना तुम्ही कॉम्प्युटर बंद केला होता?”

“नवा हुकूम नाही का आला, सुट्टीत सगळे कॉम्प्युटर बंद करून जा म्हणून. एरवी मी कधीच बंद करत नाही. तो बरोबरच वाटतो आपला, रात्रंदिवस आकडा दाखवणारा.”

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

मी टायपिस्ट होते. शाळेपुढे शिकले नाही. दुसऱ्यांचे प्रोग्रॅम टाइप करता करता तिसाव्या वर्षी स्वतः लिहायला लागले. ऑफिसात आजही मला टायपिस्टबाई म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांच्या चुका आजही मीच काढते. आमची सगळी कामं एका फंक्शनल जातीच्या भाषेत. तिच्यात सगळं फंक्शनांनी लिहायचं, एकदा ठरलेली गोष्ट मागाहून बदलायची नाही. फार हुशार भाषा आहे. आकड्याच्या जागी अक्षर घातलंत की कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम चालू होण्याआधी तो तपासणारा, दीड पान शिव्या देतो, चालूच देत नाही. मला ती आवडते. दुखणं हेच आहे. नावडत्या भाषेवर कुणी एवढं रक्त आटवत नाही.

पण तिच्या खोडी मी तोंडावर सांगत आले आहे. रिकाम्या यादीतली पहिली वस्तू मागितली तर ही कोसळते, आणि कुठे कोसळली ते सांगत नाही. शिव्या दीड पान, त्यात कामाची ओळ एक, तीही अर्धी. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे ही आळशी आहे. हा शब्द माझा नाही, तिच्या घडवणाऱ्यांनीच मोठ्या अभिमानाने मिरवलेला आहे. तिला काम सांगितलं की ती ते करत नाही. ‘करीन’ अशी चिठ्ठी लिहून ठेवते. कुणी उत्तर मागितलं तरच चिठ्ठी उघडून काम करते. कुणी मागितलंच नाही, तर कधीच नाही.

आता माझी ओळ. ‘तापमान तपास’ असं मी लिहिलं होतं. सहाच्या वर असेल तर ते फंक्शन ओरडणार, आणि ते ओरडणं झेलायला मी जाळं लावलं होतं: ओरडलं की भोंगा. भाषेने काय केलं? तपासायची चिठ्ठी लिहिली, घडी घातली, जाळ्यातून अलगद पलीकडे दिली. जाळ्याला काही ओरडणं ऐकू आलं नाही. म्हणून पट्टीवर छापलं: तपासलं. पाच मिनिटांनी नवी चिठ्ठी आली, तेव्हा जुनी न उघडताच फेकली. केबिनमधल्या कॉम्प्युटरची स्क्रीन चालू असेल तर ती आकडा मागायची, चिठ्ठी उघडायची, तिथल्या दुसऱ्या जाळ्यात ओरडणं पडून भोंगा वाजायचा. आम्ही प्रत्येक चाचणी स्क्रीन लावून केली. कारण चाचणी करणारा माणूस स्क्रीनकडेच बघतो.

म्हणजे थंड करणारं यंत्र सुट्टीतच कधीतरी जळालं असणार, आणि दोन दिवस खोलीत काय चाललंय हे कुणीच तपासलं नव्हतं. तपासायच्या चिठ्ठ्या तेवढ्या फाटत होत्या.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

“तुम्ही दार उघडं टाकलं नाही,” मी म्हणाले. “माझ्या ओळीनं टाकलं.”

ऑफिसात आमचे पंडित बसतात. खरंच पंडित आहेत, त्या भाषेवर प्रबंध लिहिलाय. ती भाषा कंपनीत आणली त्यांनीच. मी ओळ दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“यात भाषेचा दोष नाही, बाई. भाषा शुद्ध आहे. आत्ताच काम हवं असेल तर तसं स्पष्ट मागायचा शब्द आहे. तुम्ही तो लिहिला नाहीत.”

“नाही लिहिला. तो शब्द घातलेली ओळ आणि न घातलेली ओळ शेजारी ठेवा. कंपायलर दोन्ही चालू देतो की नाही?”

“देतो.”

“स्वल्पविराम चुकला की दीड पान शिव्या घालणारा. इथे चकार शब्द काढत नाही.”

“तुम्हाला हे माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी तुम्हीच तक्रार लिहिली होती.”

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये हाच खड्डा सापडला, तेव्हा ती भाषा सांभाळणाऱ्या मंडळींच्या इंटरनेटवरच्या सार्वजनिक फळ्यावर मी तक्रार नोंदवली होती. उत्तर आलं होतं: हा दोष नव्हे, हे वैशिष्ट्य आहे, काम लगेच हवं होतं तर तसं सांगायला हवं होतं. खाली एकाने मला प्राथमिक पुस्तक वाचायचा सल्ला दिला होता. तक्रार बंद. आणि वर्षभराने मीच, खड्ड्याची पाटी लावणारी, त्याच खड्ड्यात पडले. खड्डा माहीत असलेला माणूसही त्यात पडतो, तेव्हा खड्ड्याला वैशिष्ट्य म्हणणं बंद करावं. शुद्धतेचं कौतुक असलेल्या घरांत सांडलेलं पुसायला नेहमी दुसरंच कुणीतरी असतं. इथे ते काका होते.

मालकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, दार लावलं.

“आपल्याला कुणी विचारलंय का?” ते म्हणाले.

“काय?”

“चौकशीवाल्यांनी आपल्याला पत्र दिलंय? बोलावलंय? नाही ना? पट्टी त्यांच्याकडे आहे, निष्कर्ष त्यांचा आहे. विचारलं तर बघू.”

“साहेब, तुम्ही पण त्या भाषेसारखेच बोलायला लागलात.”

“अकरा ठिकाणी आपली खोकी आहेत, बाई. अकरा. तोंड उघडलंत तर कंपनी बसेल. चाळीस जणांची पोटं आहेत. त्या एका माणसाचं काय, चौदा महिने उरलेत त्याचे.”

“अकरा ठिकाणी आहेत म्हणूनच उघडणार.”

“मग उद्यापासून दुसरी नोकरी बघा.”

“बघीन. गुरुवारनंतर.”

घरी आले. भिंतीला बाबांची आरामखुर्ची अजून तशीच. बाबा सात महिने अंथरुणावर होते. सकाळी मी त्यांना पुसायची, औषध द्यायची, ऑफिसला जायची, दुपारी शेजारच्या काकू डोकावायच्या, संध्याकाळी परत मी. थोरला भाऊ दुसऱ्या गावी. दर रविवारी फोन, कसंय विचारायचा, बरंय म्हटलं की ठेवायचा. बाबा गेल्यावर आला, खुर्चीला हात लावून रडला आणि म्हणाला, “सांगायचं ना गं. मी धावत आलो असतो.” खोटं बोलत नव्हता. सांगितलं असतं तर आलाच असता. पण सांगितल्याशिवाय यावं, एवढं त्याच्यात कुणी घातलंच नव्हतं. मी त्याच्याशी भांडले नाही तेव्हा. ते भांडण बहुतेक मी भाषेशी करते आहे, असं पंडित एकदा म्हणाले होते. असेलही. म्हणून भाषा बरोबर ठरत नाही.

गुरुवारी अकरा वाजता मी बोलावणं नसताना चौकशीच्या खोलीत गेले. हातात खोकं, पिशवीत थर्मास, एक भोंगा, छोटी स्क्रीन. टेबलामागे चौकशी अधिकारी म्हणून एक डॉक्टरीणबाई, केस आखूड, पेन उघडं. शेजारी साठाप्रमुख. समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर काका, इस्त्रीच्या शर्टात.

“आपण?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“भोंग्याचा प्रोग्रॅम मी लिहिलाय. दहा मिनिटं द्या.”

साठाप्रमुख म्हणाले, “कंपनीनं पाठवलंय का तुम्हाला?”

“कंपनीनं काढलंय मला.”

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. “दहा.”

मी खोकं जोडलं. “हे तुमच्या भिंतीवरच्या खोक्यासारखंच. आतला प्रोग्रॅम तोच. मी एकच गोष्ट बदलली आहे. पाच मिनिटांऐवजी दर दहा सेकंदांनी तपासायला लावलंय, नाहीतर आपण इथे संध्याकाळपर्यंत बसू. हा सेन्सर. हा बर्फाच्या पाण्याचा पेला.” सेन्सर पाण्यात टाकला. छोटी पट्टी टकटक करत निघू लागली. तपासलं. तपासलं. “स्क्रीन बंद आहे. सुट्टीच्या हुकमाप्रमाणे. आता हा चहा.”

थर्मासमधून दुसऱ्या पेल्यात चहा ओतला, वाफ वर आली. सेन्सर उचलून चहात सोडला.

पट्टी टकटकत राहिली. तपासलं. दहा सेकंदांनी पुन्हा, तपासलं. साठाप्रमुखांनी आधी भोंग्याकडे बघितलं, मग चहाकडे, मग पुन्हा भोंग्याकडे.

“बिघडलाय का भोंगा?” ते म्हणाले.

“थांबा.”

“अहो, उकळता चहा आहे.”

“थांबा ना. शनिवार-रविवार दोन दिवस थांबला होतात, आणखी पाच मिनिटं थांबा.”

काका पट्टीकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. ते शब्द मोजत होते. पट्टी टेबलावरून खाली लोंबली, जमिनीला टेकली. डॉक्टरीणबाईंनी बोट चहाला लावून बघितलं आणि पटकन मागे घेतलं.

“काका,” मी म्हणाले, “उठा. सोमवारी केलंत तेच करा. स्क्रीन लावा.”

ते उठले. बटण नेमकं दाबलं. भोंगा असा ओरडला की साठाप्रमुखांच्या हातातली फाइल खाली पडली. बाहेरच्या गल्लीतून दोन नर्स डोकावून गेल्या. मी वायर काढली.

डॉक्टरीणबाईंनी जमिनीवरून पट्टी उचलली. बोटाने एकेक ओळ खाली सरकवत गेल्या. चहाच्या नंतरच्या छत्तीस ओळी. छत्तीस वेळा तपासलं.

“म्हणजे या कागदाला अर्थ नाही,” त्या म्हणाल्या.

“आहे. ‘तपासायचं म्हटलं’ एवढा.”

“ही ओळ कुणी लिहिली?”

“मी.”

“तुम्हाला इथे कुणी बोलावलं नव्हतं.”

“नाही.”

“मग?”

“बोलावण्याची वाट बघितली असती, तर माझ्यात नि त्या ओळीत फरक काय राहिला?”

त्यांनी लिहायला घेतलं. मग थांबून काकांकडे वळल्या. “तुम्ही धुक्याचं काहीतरी सांगत होतात. पुन्हा सांगा. सावकाश. लिहून घेते.”

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, नसलेलं धुकं. मग सांगायला लागले.

त्यांचं निलंबन सोमवारी उठलं. तीनशे बारा पिशव्या काही परत आल्या नाहीत. माझं नावही अहवालात आलं, चूक करणारी म्हणून, आणि ते बरोबरच आहे.

मालकांनी हिशेब करून पाकीट पुढे केलं. मी घेतलं नाही. “अकरा ठिकाणची ओळ बदलते, मग द्या.”

“तुम्हाला आता कंपनीत हक्क नाही.”

“मग पंडितांना बसवा. मी बाहेरून सांगते, ते टाइप करतील. टायपिस्टची कमी होती ना आपल्याकडे.”

पंडित खरोखर बसले. पाच दिवस. मी शेजारी स्टुलावर. एकाच खोक्यात तसल्या तेवीस जागा निघाल्या. तिसऱ्या दिवशी सतराव्या जागेवर थांबले. ती जागा त्यांच्या हातची होती, जुनी, प्रबंध ताजा असतानाची.

“हे कंपायलरनं सांगायला हवं होतं,” ते स्क्रीनकडे बघत म्हणाले.

“फळ्यावर लिहा तसं.”

“हसतील.”

“मला हसले तीन वर्षं. मी काय वाळले?”

त्यांनी लिहिलं. तक्रार मंडळींनी पुन्हा बंद केली. मी चहाच्या पट्टीचा फोटो लावून पुन्हा उघडली. आता तिच्याखाली एक्केचाळीस नावं आहेत, त्यांतलं एक पंडितांचं. बंद करतील. मी उघडीन. मला घाई नाही, आणि कुणी सांगायची वाटही मी बघत नाही.

आम्ही बदललेली ओळ चोख काम करते. आकडा पट्टीवर छापला जातो, स्क्रीन असो नसो. भोंगा वाजला की एका मोबाइलवरही फोन जातो. चाचणीसाठी मी त्यात माझाच नंबर घातला होता, रक्तसाठ्याच्या खोक्यात.

मधे भावाचा फोन आला. नोकरी गेल्याचं कुठून तरी कळलं होतं. “काही लागलं तर सांग गं,” तो म्हणाला.

“नाही सांगणार,” मी म्हणाले. “तू विचारत जा.”

तो म्हणाला, “बरं. जेवलीस का?”

आता मी दुसरीकडे टायपिंगच करते. सकाळी सात चाळीसला, मी डबा भरत असताना, मोबाइल वाजतो. पहिल्यांदा वाजला तेव्हा डबा तसाच सोडला. काकांना फोन लावला.

“काही नाही हो, बाई,” ते म्हणाले. “सेन्सर मुठीत धरला. बघतोय, वाजतो का.”

“रोज धरणार?”

“रोज. अजून अकरा महिने. पुढच्यालाही शिकवून जाईन.”

माझा नंबर काढायला कंपनीतून कुणी सांगितलं नाही. मीही आठवण केली नाही. सात चाळीसला फोन दोनदा वाजतो आणि थांबतो. मी तो उचलत नाही. तिकडे काका मूठ सोडत असतील, बाहेर येत असतील, आणि पायरी दिसावी म्हणून थांबून चष्मा पुसत असतील.